मोटारीचीं पादत्राणें

घरांत नवी मोटार यावयाची असली म्हणजे महिना दोन महिने दुसरा विषय नसतो. रंग कोणता असावा हें मुलें ठरवितात, बैठक किती उंच असावी हें गुडघे दुखणारीं वडील माणसें ठरवितात, सामानाला जागा किती हें स्वयंपाकघरांतून विचारलें जातें, आणि हप्ता किती बसेल हें ज्याच्या पगारांतून तो जावयाचा असतो तो रात्रीं एकटा बसून ठरवितो. एवढ्या खलबतानंतर गाडी दारांत उभी राहते. पुढें कांहीं वर्षांनीं तीच गाडी टायर मागूं लागते. तेव्हां मात्र घरांतील कोणी एक तरुण रविवारीं सकाळीं कोपऱ्यावरच्या दुकानांत जातो, दुकानदार पुढें करील ते टायर बसवून घेतो आणि जेवणाच्या वेळेपूर्वीं परत येतो. कोणते टायर घेतलेस, असें विचारलें तर तो कंपनीचें नांव सांगतो. त्यापलीकडे सांगण्यासारखें कांहीं असतें, हें बहुधा त्यालाही ठाऊक नसतें.

कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकाचा हा विषय आहे काय, असें कोणी विचारील. ज्या दांडग्या, उंच गाड्यांना हल्लीं एस्‌यूव्ही म्हणतात त्यांतील सात माणसांची गाडी एकत्र कुटुंबांत कशासाठीं घेतली जाते? आजी-आजोबा, दोन भावांचीं बिऱ्हाडें आणि मुलेंबाळें एकाच गाडींत बसावीं म्हणून. घरांतील तीन पिढ्या एकाच वेळीं ज्या वस्तूवर भार टाकून घाट उतरतात, ती वस्तू कशी निवडावी हा प्रश्न आमच्या मतें स्वयंपाकघरांतील गॅसच्या नळीइतकाच घरगुती आहे.

आम्हीं छत्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलें. यंत्रशास्त्रांत आमचा अधिकार नाहीं. परंतु त्रैराशिक कोणालाही करतां येतें. अशा गाडीचें रिकामें वजन सुमारें १,८०० किलो धरूं. सात माणसें व त्यांचें सामान मिळविलें म्हणजे तें २,४०० च्या घरांत जातें. चार चाकांवर तें सारखें वांटलें तर दर चाकास ६०० किलो. टायरांत हवेचा दाब चौरस इंचास ३३ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरास सुमारें २.३ किलो. भागाकार केला तर २६० येतात. इतके चौरस सेंटिमीटर रबर एका चाकाखालीं जमिनीला टेकलेलें असतें. टपाल कचेरींत मिळणारें पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब व ९ रुंद असतें. अशीं दोन कार्डें शेजारीं मांडलीं कीं झाली एका चाकाची जागा. चार चाकांचीं आठ पोस्टकार्डें. रबराच्या ताठपणामुळें ह्या हिशेबांत थोडें इकडेतिकडे होईल. पण आजोबांपासून नातवापर्यंत सगळें घर ज्याच्या आधारावर ताशीं ऐंशी किलोमीटरच्या वेगानें धांवतें, वळतें आणि थांबतें, तो आधार एवढाच. ब्रेक कितीही चांगले असोत, ते चाक थांबवितात. गाडी थांबवितात तीं हीं आठ पोस्टकार्डें. हा हिशेब आम्हीं घरीं पाटीवर मांडून दाखविला, तेव्हां मंडळी क्षणभर गप्प झाली होती.

बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असे व तिच्यावरून गाडीचा भार सरळ रस्त्यावर पडे. टायराची गोष्ट निराळी. त्यांत भार मुख्यतः रबर उचलीत नाहीं, हवा उचलते; रबर व त्याच्या पोटांतील दोरे-तारा त्या हवेला कोंडून धरतात. ही युक्ति प्रथम रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थांनीं १८४५ सालीं पेटंट केली. ती विस्मृतींत गेल्यावर १८८८ सालीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं ती पुन्हा शोधून काढली. त्याआधीं १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांना, गंधकाबरोबर तापविलेलें रबर उन्हानें चिकट होत नाहीं व थंडीनें तडकत नाहीं, असें आढळून आलें नसतें, तर त्या दोघांच्या युक्तीचा व्यवहारांत फारसा उपयोग झाला नसता. टायर काळा असतो तोही मळ दिसूं नये म्हणून नव्हे. रबरांत काजळी मिसळली म्हणजे तें झिजण्यास चिवट होतें, म्हणून.

आतां टायर बदलावयाचे केव्हां? कायदा मोटारीच्या टायरांस निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी मागतो. नव्या टायराची नक्षी साधारणपणें सात-आठ मिलिमीटर खोल असते. मोजपट्टी घेऊन बसण्याचें कारण नाहीं. नक्षीच्या मोठ्या चरांच्या तळाशीं कारखानदारानेंच मधून मधून आडवे लहान उंचवटे ठेविलेले असतात. वरचें रबर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीस आलें, म्हणजे टायर संपला. कायद्याची मर्यादा ही मात्र शेवटची मर्यादा आहे, आणि आपल्याकडील पाऊस कायद्याचें पुस्तक पाहून पडत नाहीं. रस्त्यावर दोन मिलिमीटर पाणी आहे व गाडी ताशीं ८० किलोमीटर वेगानें चालली आहे, असें समजा. साडेतेवीस सेंटिमीटर रुंदीच्या एका टायराला आपल्या वाटेंतून दर सेकंदास सुमारें दहा लिटर पाणी बाजूला सारावें लागतें. म्हणजे एक भरलेली कळशी, दर सेकंदास, दर चाकानें. हें पाणी ज्या चरांतून वाहून जावयाचें ते चरच उथळ झाले तर पाणी चाकाखालींच राहतें आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगूं लागते. त्या क्षणीं सुकाणूं फिरविणें व ब्रेक दाबणें दोन्ही व्यर्थ. म्हणून ज्यांना श्रावण-भाद्रपदांत घाट उतरून कोंकणांत जावयाचें असतें त्यांनीं तीन मिलिमीटरांवर नक्षी आली कीं मृगापूर्वींच टायर बदलावे, असें आमचें मत आहे.

परंतु नक्षी झिजलेली दिसते तेव्हां वाद होत नाहीं. वाद होतो तो नक्षी शाबूत असतां टायर बदला म्हणून सांगितलें म्हणजे. आणि येथेंच आमच्यासारख्या काटकसरी घरांची दिशाभूल होते. आमच्या घरची गोष्ट सांगतों. गाडी घेऊन आठ वर्षें होऊन गेलीं होतीं. वर्षांतून दोन वेळां गांवीं, एखादें लग्न, एखादी पंढरपूर-कोल्हापूरची फेरी. एरवीं ती झांकण घालून अंगणांत उभी. चाळीस हजार किलोमीटरही झाले नव्हते. आमचे वडील बंधु म्हणाले, “नक्षी जशीच्या तशी आहे. चांगल्या वस्तू फेकून द्यावयास घरांत पैसे वर आले आहेत काय?” चार टायरांस तीस-चाळीस हजार रुपये सहज पडतात, हें लक्षांत घेतां त्यांचें म्हणणें गैर म्हणवेना. तांब्याचा बंब, सागवानी कपाट, शिवणयंत्र ह्या वस्तू जपून वापरल्या कीं तीन पिढ्या चालतात. हाच न्याय त्यांनीं टायरांस लावला.

टायरांस तो न्याय लागत नाहीं. रबर हें झाडाच्या चिकापासून किंवा खनिज तेलापासून झालेलें द्रव्य. हवेंतील प्राणवायु, ओझोन, ऊन आणि उष्णता हीं त्याला वापर असो वा नसो, सारखीं खात असतात. कारखानदार रबरांत मेणासारखीं संरक्षक द्रव्यें घालतो. टायर फिरतो, दबतो, लवतो, तसतशीं तीं पृष्ठभागावर येत राहतात व बाहेरचें रबर राखतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली कीं हें काम नीट होत नाहीं. म्हणून रोज चालणाऱ्या टॅक्सीचा टायर झिजून मरतो आणि घरंदाज गाडीचा टायर बसून बसून म्हातारा होतो. वरून नक्षी तरुण दिसते, आंतून रबर ताठ झालेलें असतें, व ताठ रबर ओल्या रस्त्याला धरीत नाहीं. कुशीवर, म्हणजे टायराच्या उभ्या बाजूवर, आणि चरांच्या तळाशीं केंसासारख्या भेगा दिसूं लागल्या तर वृद्धत्व उघडच झालें. पण भेगा दिसल्या नाहींत म्हणजे टायर तरुण, असें मात्र नव्हे.

हें वय ओळखावयास ज्योतिषी नको. कुशीवर डी, ओ, टी ह्या तीन इंग्रजी अक्षरांनीं सुरू होणारी एक ओळ असते; तिच्या शेवटीं लंबवर्तुळांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असें असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. पुष्कळ वेळां हे आंकडे टायराच्या एकाच बाजूस असतात, आणि ती बाजू आंतल्या अंगाला गेलेली असते. मग खालीं वांकून दिव्यानें पाहावें लागतें. कित्येक मोटारींचे कारखानदार सहा वर्षांनीं टायर बदला असें सांगतात. टायर करणारे पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासून घ्या म्हणतात, आणि नक्षी कशीही असो, दहा वर्षांपलीकडे टायर वापरूं नका, असें सांगतात. आमच्या उन्हाळ्याचा विचार करतां सहा-सात वर्षांपुढें कुटुंबाची गाडी त्याच टायरांवर नेण्यास आमचें मन घेत नाहीं.

आमच्या घरच्या वादाचा निकाल धाकट्या सूनबाईंनीं लाविला. गाडी बहुधा त्याच चालवितात. हातांत दिवा घेऊन त्यांनीं चारही चाकांचे आंकडे वाचले, मग मागच्या झांकणाखालचें पांचवें चाक पाहिलें, आणि येऊन म्हणाल्या, “काका, हीं चाकें आपल्या शौनकपेक्षां मोठीं आहेत, आणि तो आतां तिसरींत गेला.” बंधूंनीं त्या दिवशीं कांहीं उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं त्यांनीं चेकबुक मागविलें.

पांचवें चाक, म्हणजे स्टेपनी. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे कीं तो कोठून आला हें कोणी विचारीत नाहीं. वेल्समधील लानेली गांवीं स्टेपनी स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. तेथील डेव्हिस बंधूंनीं १९०४ च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकावर अडकविण्याचें जादा चाक काढलें, आणि त्या रस्त्याचें नांव आपल्या भाषेंत येऊन बसलें. असो. स्टेपनीची नक्षी जन्मभर नवी राहते. म्हणून तिच्या वयाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, व रात्रीं घाटांत तिचें काम पडतें तेव्हां ती दहा वर्षांची वृद्धा निघते. चार टायर बदलतां तेव्हां तिचाही आंकडा वाचावा, आणि तिच्यांतील हवाही भरून घ्यावी.

जुन्या टायराचें वय पाहावयाचें, तसें नव्याचेंही. आमच्या शहरांतील एका दुकानांत आम्हांस चांगल्या नांवाजलेल्या कंपनीचे टायर बऱ्याच मोठ्या सुटीनें देऊं केले. आंकडे पाहिले तों ते तीन वर्षांपूर्वींचे. “साहेब, वापरलेले थोडेच आहेत? गोदामांत होते,” असें दुकानदार म्हणाला. नीट ठेविलेला टायर गोदामांत सावकाश जुना होतो हें खरें. पण त्याच्या आयुष्याचीं तीन वर्षें सुटीच्या रकमेहून महाग पडतात. सहा महिन्यांच्या आंतील मिळाले तर उत्तम, वर्षापलीकडचे नकोत, असें आधींच सांगून ठेवावें. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलों.

आतां मापाकडे वळूं. एका गाडीच्या कुशीवर २३५/६५ आर १७ १०४ एच असा लेख आहे, असें धरूं. ताम्रपट वाचण्यापेक्षां तो सोपा आहे. २३५ ही टायराची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या शेंकडा ६५. आर हें रेडियल रचनेचें आद्याक्षर. मिशेलिन ह्या फ्रेंच कारखान्यानें १९४६ सालीं पेटंट घेतलेली ही रचना, जींत टायराच्या पोटांतील दोरे एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत सरळ आडवे जातात. १७ हा आंतील धातूच्या चाकाचा व्यास, इंचांत. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळींत कां नांदतात हें कारखानदारच जाणोत. एवढें तर दुकानदारही पाहतो. तो ज्याकडे पाहत नाहीं ते पुढचे दोन शब्द.

१०४ हा भारांक आहे. ते किलो नव्हेत. प्रत्येक अंकाला कोष्टकांत एक वजन ठरलेलें असतें: ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,००० किलो. इतका भार तो एक टायर, नेमलेल्या दाबाची हवा असतां, वाहूं शकतो. त्यानंतरचें अक्षर वेगाचें: एस म्हणजे ताशीं १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर. इतक्या वेगानें आम्हांस कोठें जावयाचें आहे, असें कोणी म्हणेल. पण वेगाचें अक्षर हें उष्णता सोसण्याच्या शक्तीचें माप आहे. नागपुराहून मुंबईकडे येणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें पूर्ण खुला झाला. त्यावर मोटारींना ताशीं १२० ची मुभा आहे, आणि वैशाखांत तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास त्या वेगानें जाणें ही टायराची खरी परीक्षा असते.

ह्या दोहोंचा नियम एकच. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकांत आणि चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टींत जें लिहिलें असेल त्याहून अधिक चालेल, कमी चालणार नाहीं. “साहेब, दोन-चार नंबर खालीवर, कांहीं फरक पडत नाहीं,” असें ऐकावयास मिळतें. १०४ ऐवजीं १०० घेतला तर दर चाकास शंभर किलो कमी, म्हणजे चार चाकांस चारशें. एकटा माणूस कचेरींत जात असतां हा उणेपणा कळत नाहीं. गणपतीला निघतांना कळतो: सात माणसें, टपावर बॅगा, मागें तांदूळ-गूळ, नारळ, समया, आणि कोणाच्या तरी मांडीवर शाडूची मूर्ति, वर ताम्हिणी घाटाचा उतार आणि तो पाऊस. एकत्र कुटुंबाच्या गाडीनें भारांक हा कंपनीच्या नांवाच्याही आधीं पाहावा.

तरुण मंडळींचा हट्ट निराळा असतो. आमच्या पुतण्याला गाडी रांगडी दिसावयास हवी होती. त्यानें २६५ रुंदीचे, मोठमोठ्या दातांचे टायर पसंत केले होते. पुन्हा पाटी घेतली. २३५/६५ आर १७ ची उंची ७३७ मिलिमीटर भरते. २६५/६५ आर १७ ची ७७६. शेंकडा पांचांहून थोडा अधिक फरक. म्हणजे वेगाचा कांटा ८० दाखवील तेव्हां गाडी प्रत्यक्षांत ८४ नें जात असेल. शिवाय सुकाणूं पूर्ण वळविलें असतां टायर आंतून घांसण्याचा संभव, ब्रेकांवर अधिक ताण, आणि इंधनाचा खर्च वाढलेला. त्याच गाडीला कारखान्यानेंच दुसरें एखादें माप मान्य केलें असेल तर तें खुशाल घ्यावें. त्यापलीकडे जाण्यांत शोभेवांचून दुसरा लाभ आम्हांस दिसला नाहीं.

दातांविषयीं मात्र थोडें सांगितलें पाहिजे. ह्या गाड्यांचे टायर तीन जातींचे मिळतात. एच्‌टी हे डांबरी व सिमेंटच्या रस्त्यांसाठीं. त्यांची नक्षी बारीक, आवाज कमी, पावसांत डांबराला धरून राहणारी. एम्‌टी हे चिखलासाठीं. मोठे दात, दातांमध्यें रुंद फटी. शेतमळ्यांतून गाडी घालणाऱ्यांनीं ते घ्यावे, इतरांनीं त्यांचा घणघणाट विकत घेऊं नये. एटी हे दोहोंच्या मधले, आणि सगळा मोह तेथेंच आहे. दातांमध्यें जितकी फट अधिक, तितकें रस्त्याला टेकणारें रबर कमी. आठ पोस्टकार्डांतून जणूं कडा कातरल्या जातात. आमच्या गांवचे शेवटचे तीन किलोमीटर तांबड्या मातीचे आहेत, असा पुतण्याचा मुद्दा होता. पण त्या तीनांसाठीं उरलेल्या दोनशें डांबरी किलोमीटरांवर पकड सोडावी काय? ज्यांचें रोजचें जाणेंयेणेंच कच्च्या रस्त्यानें आहे, पाटबंधाऱ्याच्या कामावर किंवा डोंगरांतील बागेंत, त्यांस एटी योग्य. वर्षांतून दोन फेऱ्या करणाऱ्यांस एच्‌टी. (ज्यांचीं मुलें परदेशीं हिमाच्या मुलखांत आहेत त्यांनीं तेथील नियम विचारावे, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतांत १ डिसेंबर ते १५ मार्च हिंवाळी टायर कायद्यानें सक्तीचे आहेत. आपल्याकडे त्या मऊ रबराचें काम नाहीं.)

कोणी म्हणतील, चार एकदम झेपत नाहींत, दोन घेतले तर? घ्यावे, पण जोडीनें, एकाच आंसावर, एकाच जातीचे. आणि ते मागें बसवावे. सगळे लोक नवे टायर पुढें घालतात, कारण सुकाणूं पुढें असतें. पण ओल्या वळणावर पुढचीं चाकें घसरलीं तर चालकाला सुकाणूंत तें लगेच कळतें व वेग कमी केला म्हणजे गाडी बहुधा सांवरते. मागचीं घसरलीं तर गाडी स्वतःभोंवतीं फिरते, आणि तिला सांवरणें सामान्य चालकाच्या हातचें नसतें. चारही चाकांना शक्ति पोंचविणारी गाडी असेल तर मात्र नव्याजुन्या टायरांच्या उंचींतील फरक तिच्या दंतचक्रांस बाधतो. तेथें पुस्तकांत सांगितलें असेल तसें करावें, व तें बहुधा चारही बदला असेंच असतें.

कंपनीविषयीं लोक आम्हांस विचारतात. आम्ही कोणाचें नांव घेत नाहीं. ज्यावर भारतीय मानक संस्थेचें आय्‌एस्‌आय्‌ चिन्ह आहे, ज्याचा भारांक व वेगाचें अक्षर बरोबर आहे आणि जो ताजा आहे, असा कोणत्याही जाणत्या कारखान्याचा टायर दुसऱ्या कारखान्याच्या जुन्या मालापेक्षां बरा. किंमतीचें म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरील जी.एस.टी. शेंकडा २८ वरून १८ वर आला आहे. बिल पक्कें घ्यावें, व त्यावर प्रत्येक टायराचा क्रमांक लिहवून घ्यावा, म्हणजे हमीच्या वेळीं तंटा होत नाहीं. दुसऱ्या गाडीवरून उतरविलेले टायर स्वस्त मिळतात. ते कोणत्या खड्ड्यांत आपटले हें त्यांच्या पोटांतील तारांखेरीज कोणास ठाऊक नसतें. ते घरच्या गाडीस लावूं नयेत.

दुकानांत कोणी तरी उभें राहावें. प्रत्येक चाकाचा व्हॉल्व्ह नवा बसवावयास सांगावा. ती थोडक्या रुपयांची वस्तू, आणि तिच्यांतून हवा गेली तर टायराची सारी किंमत फुकट. चाकांचें बॅलन्सिंग व अलाइनमेंट त्याच वेळीं करून घ्यावें. नायट्रोजन भरूं काय, असें विचारतात. साध्या हवेंत शंभरांत अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो, हें सातवीं-आठवींतील मुलालाही पाठ असतें; वेगळे पैसे त्यापायीं द्यावे असें आम्हांस वाटत नाहीं. त्यापेक्षां पंधरा दिवसांनीं साधी हवा नेमानें तपासावी. ती गाडी थंड असतां तपासावी. लांबून आल्यावर दाब चढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकूं नये, कारण तो चढ उष्णतेचा असतो. कमी हवेचा टायर अधिक लवतो, लवला कीं तापतो, आणि तापला कीं वेगांत फुटतो. दाराच्या खांबावरील पट्टींत बहुधा दोन दाब दिलेले असतात, एक नेहमींच्या भाराचा व एक पूर्ण भाराचा. गांवीं निघण्याच्या सकाळीं दुसरा भरावा. हें काम आमच्या घरांत आतां शौनककडे आहे. दाबमापक त्याच्या दप्तरांत असतो व आंकडे तो दिनदर्शिकेवर लिहितो.

नवे टायर घेऊन निघतांना पहिले दोन-तीनशें किलोमीटर हात आंवरून गाडी चालवावी. सांच्यांतून सुटावें म्हणून लाविलेल्या द्रव्याचा अंश नव्या रबरावर असतो. तो घांसून जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाहीं. ज्या दिवशीं टायर बदलले त्याच रात्रीं घाटांत उतरूं नये.

आणि जुने टायर दुकानदाराकडेच ठेवावे. तो त्यांचे थोडे पैसेही बिलांतून कमी करतो. कोणी ते झोपाळ्यासाठीं किंवा कुंड्यांसाठीं म्हणून घरीं आणतात व परसांत टाकून ठेवतात. पावसाचें पाणी त्यांच्या पोटांत सांचतें, उन्हानें आटत नाहीं, आणि डेंग्यूच्या डासाला त्याहून आवडती जागा नसते. आमच्या शेजारीं असे दोन पडले होते. भाद्रपदांत नगरपालिकेच्या माणसांनीं येऊन ते उलटे केले तेव्हां त्यांतून अर्धी बादली पाणी निघालें, आणि त्यांत अळ्या वळवळत होत्या.